फुलं संपल्यानंतर

तळ्याच्या काठावर एक लहान मुलगी एकटीच खेळते आहे. झाडीतून तो बाहेर येतो. सपाट डोकं, मानेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खिळे, आखूड बाह्यांचा काळा कोट. आपण दचकतो, ती दचकत नाही. ती त्याला आपलं नाव सांगते, मारिया. हात धरून त्याला काठाशी आणते, त्याच्या हातात फुलं देते आणि पाण्यात टाकलेली फुलं होडीसारखी कशी तरंगतात ते दाखवते. तो एक फूल टाकतो. ते तरंगतं. तो खुदकन हसतो. मग त्याच्या हातातली फुलं संपतात. तो रिकाम्या हातांकडे बघतो, मग तिच्याकडे. तिला उचलतो आणि पाण्यात टाकतो.

ती तरंगत नाही.

१९३१ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला हा प्रसंग. युनिव्हर्सल स्टुडिओचा चित्रपट, दिग्दर्शक जेम्स व्हेल. जॅक पिअर्सने रोज काही तास खपून रंगवलेल्या त्या चेहऱ्यामागे बोरिस कार्लोफ होता. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह आहे. जुन्या भयपटांच्या नादी लागलेल्या माणसाला असल्या गोष्टी तोंडपाठ असतात. पण हा सव्वा तासाहून छोटा, कृष्णधवल चित्रपट मी पुन्हा पुन्हा बघतो तो या माहितीसाठी नाही. त्या तळ्याकाठी एक प्रश्न पडून आहे आणि नव्वद वर्षांत त्याचं उत्तर सोपं झालेलं नाही.

आधी या प्रसंगाचं पुढे काय झालं ते बघू. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या सेन्सॉर मंडळांना तो असह्य वाटला. पुढे चित्रपट पुन्हा प्रदर्शित होताना तो कापलाच गेला आणि १९८०च्या दशकापर्यंत बहुतेक प्रेक्षकांनी कापलेली आवृत्तीच पाहिली. त्या आवृत्तीत फुलं संपतात, तो मुलीकडे हात पुढे करतो आणि दृश्य तुटतं. नंतर थेट दिसतो तो मारियाचा बाप. गावात लग्नाचा जल्लोष चालू आहे आणि तो मुलीचं कलेवर हातांवर घेऊन त्या गर्दीतून चालत येतो आहे.

मधल्या जागेत काय घडलं असेल? ते प्रेक्षकाने ठरवायचं. आणि अशी जागा मोकळी मिळाली की माणसाचं मन तिथे सहसा चांगलं काही भरत नाही. पडद्यावर जे होतं त्यापेक्षा कितीतरी भयंकर गोष्टी लोकांच्या डोक्यात आल्या असणार. गंमत बघा, सेन्सॉरने मरण कापलंच नाही, मुलगी मेलेली दिसतेच. कापली गेली ती त्याची घबराट. ती बुडाल्यावर तो पाण्यात हात मारून तिला शोधू पाहतो, सापडत नाही म्हणून कासावीस होतो आणि धडपडत पळून जातो. एवढं काढलं आणि काय घडतंय हे न कळलेल्या जिवाचा थंड डोक्याचा खुनी झाला.

आता प्रश्न. हा प्राणी गुन्हेगार आहे का?

कायद्याच्या अंगाने पाहिलं तर उत्तर अवघड नाही. आपल्याकडेही सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून जे घडतं त्याला कायदा गुन्हा म्हणत नाही. हा तर जन्माला येऊन काही दिवसच झालेला. जे सुंदर असतं ते पाण्यावर तरंगतं, एवढा एकच धडा त्याला कोणीतरी प्रेमाने शिकवला आणि तो त्याने पुढे लावून पाहिला. कार्लोफला मात्र व्हेलने हा प्रसंग घेतला ती पद्धत पटली नव्हती. त्याच्या मते प्राण्याने तिला फुलासारखंच अलगद पाण्यावर ठेवायला हवं होतं. उचलून फेकण्यात त्याला जाणूनबुजून केलेला क्रूरपणा दिसत होता. म्हणजे ज्याने ते कृत्य पडद्यावर केलं, त्यालाही हेतू आणि कृती यांच्यामधली रेघ इतकी महत्त्वाची वाटत होती.

पण हेतू नव्हता म्हटल्याने सगळं संपतं का? इथे माझ्यासारख्या चाहत्यांनी जरा थांबायला हवं. जुने मॉन्स्टरपट आवडणाऱ्यांना एक सवय लागते. आपण फार पटकन राक्षसाच्या बाजूने होतो. किंग काँग एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून कोसळला की डोळे भरतात, त्याच्या पायाखाली आलेली माणसं आठवत नाहीत. ही माया स्वस्तात मिळते, कारण तिची किंमत दुसऱ्याने चुकवलेली असते. मारियाच्या बापापुढे उभं राहून ‘त्याला कळलं नाही हो’ असं सांगायची माझी तरी हिंमत होणार नाही. त्या बापाचा आक्रोश खरा आहे. कारण समजून घेणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माफी फक्त बाप देऊ शकतो. समजून घेणं मात्र बाकीच्या सगळ्यांवर बंधनकारक आहे, कारण ते केल्याशिवाय दोष नेमका कुठे ठेवायचा हेच कळत नाही.

आणि दोष ठेवायला या चित्रपटात जागा पुष्कळ आहेत. हेन्री फ्रँकेन्स्टाइनने त्याला मृतदेहांचे तुकडे जोडून बनवलं. एका प्रसंगात छताची खिडकी उघडते, उजेड आत येतो आणि तो प्राणी दोन्ही हात वर करून तो उजेड धरू बघतो. खिडकी बंद झाल्यावर तेच हात तो हेन्रीपुढे पसरतो. त्या हातांवर कोणी काही ठेवत नाही. उलट मदतनीस फ्रिट्झ जळती मशाल घेऊन येतो आणि त्याला छळत राहतो. बोट धरून शिकवणारी पहिली व्यक्ती त्याला तळ्याकाठीच भेटते.

चित्रपट स्वतः एक पळवाट ठेवतो. फ्रिट्झच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते आणि तो गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. म्हणजे जे झालं ते उपजतच होतं, प्रश्न मिटला. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या कादंबरीत ही बरणी नाही. तिथला प्राणी वाचायला शिकतो, माणसांच्या जवळ जाऊ पाहतो आणि हाकलला गेल्यावर क्रूर होतो. पण उपजत गुन्हेगारीची कल्पना मोहक आहे, कारण ती बाकी सगळ्यांना मोकळं करते. आपल्याकडे तर तिचा कायदाच झाला होता. १८७१ साली ब्रिटिशांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं आणि तो शिक्का अजून पुरता पुसलेला नाही.

मराठीत फ्रँकेन्स्टाइनची गोष्ट सांगताना हमखास ‘भस्मासुर’ म्हटलं जातं. मला ती तुलना पटत नाही. भस्मासुराने तप केलं, वर मागितला आणि ज्याने वर दिला त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघाला. या प्राण्याने काहीच मागितलं नव्हतं, जन्मसुद्धा नाही. भस्मासुर म्हटलं की निर्माता आपोआप बिचारा होतो. चित्रपटाचा शेवटही तसाच आहे. पवनचक्कीत कोंडलेला प्राणी ज्या आगीला सर्वांत जास्त घाबरतो त्याच आगीत सापडतो. हेन्री वाचतो, आणि त्याचा बाप घराण्याच्या भल्यासाठी वाइनचा पेला उंचावतो. मारियाच्या बापाचं पुढे काय झालं, हे चित्रपट सांगत नाही.

ती आग लावणारे हात गावकऱ्यांचे आहेत. मशाली घेऊन डोंगर चढणारा तो जमाव नंतर कितीतरी चित्रपटांनी उचलला. त्याच्याकडे बघताना मला आता युरोपातलं ते बनावट गाव दिसत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. चित्रपटात निदान एक मूल खरंच गेलं होतं. इथे तेही नव्हतं. होत्या त्या मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवा, आणि अनोळखी चेहरे. राक्षस तिथे नव्हताच, तो जमावाने आपल्या डोक्यातून आणला आणि त्या पाच जणांवर चिकटवला.

म्हणून ती कापलेली काही सेकंदं मला महत्त्वाची वाटतात. आज तुमच्या-माझ्या फोनवर जे येतं ते बहुतेक कापलेलंच असतं. वीस सेकंदांची क्लिप, पुढे आलेला एक हात, आणि खाली निकाल देऊन मोकळे झालेले लोक. त्या हाताच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, हे विचारणं म्हणजे गुन्हेगाराची वकिली नव्हे. मेलेल्या मुलीशीही आपलं तेवढं देणं लागतं. तिला दुष्टपणाने मारलं नव्हतं, शेवटच्या क्षणापर्यंत ती एका मित्राबरोबर खेळत होती, हेही तिचंच सत्य आहे. जमावाने ते तिच्याकडून काढून घेतलं.

त्या गावात कोणालाच फुलांबद्दल कधी कळत नाही. तळ्याकाठी तिसरं कोणी नव्हतं. पाहिलं ते फक्त आपण, अंधारात बसून. साक्षीदाराने आरोपीवर प्रेम करावं अशी कोणाची अपेक्षा नसते. त्याने जे पाहिलं ते सगळं सांगावं, मधलं काही गाळू नये, एवढीच असते.