न घडलेल्या गोष्टींची वार्ता

वर्तमानपत्राचें काम काय, असा प्रश्न कोणी केला तर ‘घडलेलें सांगणें’ असें उत्तर आपण सहज देऊं. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे, आणि त्याच्या अपुरेपणाची किंमत कोणाला मोजावी लागते याचा विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ठरलेल्या वेळीं गाडी न येणें ही घटना नव्हे. तो घटनेचा अभाव होय. भूम किंवा परंडा तालुक्यांतील एखाद्या खेड्याच्या थांब्यावर विद्यार्थिनी सकाळीं उभी राहते, गाडी येत नाहीं, तास बुडतो; आणि असें वरचेवर होऊं लागलें म्हणजे घरचीं माणसें एके दिवशीं ‘पुरे आतां शिक्षण’ म्हणतात. यांत आग नाहीं, अपघात नाहीं, मोर्चा नाहीं. तथापि एका आयुष्याची दिशा तेवढ्यानें बदललेली असते. महाविद्यालयाचा हजेरीपट मी पुष्कळ वर्षें भरीत आलों आहें. त्यांत ‘गैरहजर’ एवढेंच लिहितां येतें, कारणाचा रकानाच नसतो. वृत्तपत्राची स्थिति याहून निराळी नाहीं. गाडी उलटली तर तिची बातमी पहिल्या पानावर येते. ती आलीच नाहीं तर बहुधा कोठेंच येत नाहीं.

धाराशिव जिल्ह्यास या भेदाचा चांगला परिचय आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हां किल्लारी, सास्तूर हीं नांवें देशोदेशींच्या पत्रांत झळकलीं, आणि पाठोपाठ मदतही आली. त्याचें श्रेय वृत्तपत्रांस देणें न्याय्यच आहे. अमर्त्य सेन यांनीं दाखविलें आहे कीं, लोकशाही व स्वतंत्र वृत्तपत्रें जेथें आहेत तेथें हजारों माणसें मरावीं असा भूकबळींचा दुष्काळ पडूं दिला जात नाहीं. रोजची अर्धपोटी उपासमार मात्र त्याच देशांत निमूटपणें चालूं राहते. संकट एकदम कोसळलें तर दिसतें. कणाकणानें आलें तर दिसत नाहीं.

रेल्वेचा इतिहासही याच जातीचा. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1897 सालीं बार्शीस व 1911 सालीं लातुरास पोंचली. परंतु ती येडशीवरून गेली, आणि जिल्ह्याचें मुख्य ठिकाण बाजूसच राहिलें. रुंद मार्ग होऊन धाराशिव शहरास रेल्वे मिळावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें. तुळजापुरावरून सोलापुरास जोडणाऱ्या सुमारें 84 किलोमीटर मार्गाच्या मंजुरीची घोषणा 2019 च्या जानेवारींत झाली. घोषणेचा दिवस बातमी ठरला. पण वाट पाहण्याच्या शतकांतील कोणता दिवस बातमी म्हणून छापावयाचा?

यावर संपादक म्हणतील, ‘रोज तेंच तें छापलें तर वाचील कोण?’ आक्षेप विचारार्ह आहे, पण टिकणारा नाहीं. सोन्याचा व सोयाबीनचा भाव रोज छापला जातो; राशिभविष्यही छापलें जातें. त्यांत घटना ती कोणती? वाचकास त्याची गरज वाटते, एवढें कारण तेथें पुरतें. तेव्हां खरा प्रश्न ‘बातमी कोणती’ हा नसून ‘वाचक कोण’ हा आहे.

आणि येथें दोष आपल्या दाराशीं येतो. पत्र विकत घेणारा वर्ग दुचाकीनें अथवा मोटारीनें फिरूं लागला. थांब्यावर उरलीं तीं शाळकरी मुलें, म्हातारीं माणसें आणि मजुरीस जाणाऱ्या बायका. जे वाचतात ते एस. टी.नें जात नाहींत, आणि जे जातात त्यांच्याविषयीं वाचावयास मिळत नाहीं. 2022 सालीं 75 वर्षांवरील वृद्धांस फुकट, व 2023 सालीं स्त्रियांस अर्ध्या तिकिटांत प्रवास मिळाला. सवलत स्तुत्य आहे. परंतु न येणाऱ्या गाडीचें तिकीट फुकट असलें काय आणि अर्धें असलें काय!

मराठवाड्याची पत्रपरंपरा तर मोठी तेजस्वी. आ. कृ. वाघमारे यांनीं 1937 सालीं ‘मराठवाडा’ काढलें. निजाम सरकारनें बंदी घातली, तेव्हां नांव बदलून तें पुनः निघालें. नांव गेलें तरी चालेल, सांगणें राहिलें पाहिजे, अशी ती वृत्ति होती. आज नांवें सुखरूप आहेत. पण पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या जाहिरातींनीं पानें भरल्यावर सांगण्यास जागा उरत नाहीं. जाहिरातींवांचून पत्र चालत नाहीं हें मान्य. तालुक्याच्या बातमीदारास एकट्यास दोष देणें तर अन्यायाचेंच होईल.

खोटें छापणें हें पाप, याविषयीं मतभेद नाहीं. परंतु ठाऊक असलेलें दुःख नित्याचें झालें म्हणून न छापणें, हीही माझ्या मतें असत्याचीच एक जात होय. कारण पत्र वाचून जिल्ह्याचें जें चित्र मनांत उभें राहतें, त्यांत थांब्यावरचें माणूस नसतें. उपाय अवघड नाहीं. भावांच्या शेजारीं, काल रद्द झालेल्या फेऱ्यांचा एक रकाना द्यावा: आगार, मार्ग, वेळ, एवढेंच. मथळा नको, टीकाही नको. आणि सोन्याचा भाव पाहून झाल्यावर, आपण तो रकाना वाचावा.