आशा आणि सत्य

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला नेमके काय हवे असते? नॅन्सी मोल्टर या अमेरिकन परिचारिकेने हा प्रश्न अत्यवस्थ रुग्णांच्या ४० नातलगांनाच विचारला आणि १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४५ गरजांच्या यादीत पहिला क्रमांक आशेचा लागला. स्वतःच्या आरामाचा विचार फार मागे राहिला. प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळावीत, ही अपेक्षा मात्र वरच्या क्रमांकांत होती.

पेच आहे तो इथेच. रात्रपाळीच्या सिस्टरला मुलगा विचारतो, "बाबा वाचतील ना?" वाचण्याची शक्यता नसताना 'हो' म्हणणे ही दया की फसवणूक? आपल्याकडे खोट्या दिलाशालाच बहुधा माया समजतात. मला ते पटत नाही. त्या दिलाशापायी कित्येकांचा निरोप घ्यायचा राहून गेला आहे. शिवाय आशा म्हणजे केवळ बरे होण्याची आशा नव्हे. आपल्या माणसाची इथे कुणाला तरी काळजी आहे, हा विश्वासही त्या नातलगांनी तितकाच मोलाचा मानला होता.

"मघाशीच त्यांची कूस बदलली, ओठ ओले केले. श्वास मंदावला आहे. तुम्ही जवळ येऊन बसा," सिस्टर म्हणते.

मुलगा चपला बाहेर काढतो आणि आत जातो.