नकलेचे पाप आणि पुण्य

येथील महाराष्ट्र मंडळाच्या कार्यालयात एक संगणक आहे, दुसरा आमच्या चिटणिसांच्या घरी आहे. ह्या दोहोंच्या बाबतीत आमच्या हातून एकच कृती दोनदा घडली. एकदा कर्तव्य म्हणून, एकदा अपराध म्हणून. बाहेरून पाहणाऱ्यास तीत तिळमात्र फरक दिसला नसता. सभासदांच्या याद्या, जुन्या अंकांची मुद्रिते आणि वृद्ध सभासदांनी सांगितलेल्या आठवणी कार्यालयातील संगणकावरून घरच्या संगणकावर उतरवून घेतल्या, ही पहिली. कार्यालयातील संगणक ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होता तीच, त्याच एका परवान्याच्या आधाराने, घरीही बसवून घेतली, ही दुसरी. बसवून देणाऱ्या गृहस्थाने जादा पैसे मागितले नाहीत. 'सगळेच असे करतात,' एवढेच तो म्हणाला. आमचे खजिनदार हे निवृत्त लेखापरीक्षक. त्यांनी दुसऱ्या परवान्याची पावती मागितली, आणि तेथून वादास तोंड फुटले.

शेजाऱ्याची छत्री उचलली तर शेजारी भिजतो. नक्कल केल्याने कोणीच भिजत नाही. मूळ वस्तू जागच्या जागी राहते. मग चोरी झाली ती कशाची? हा प्रश्न पोरकट नाही. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स ह्यांनी संगणकाच्या हौशी लोकांस उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. त्यांनी रचलेल्या 'बेसिक'ची नक्कल सर्रास होत होती आणि दाम मोजणारे थोडे होते. श्रमाचे मोल मिळणार नसेल तर चांगले काम करील कोण, असा त्यांचा सवाल होता. उलट १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर करताना, जी प्रणाली आपल्याला आवडली ती इतरांबरोबर वाटून घेणे हा धर्मच होय, अशी भूमिका घेतली. एकास कारागिराची भूक दिसली, दुसऱ्यास शेजारधर्म दिसला. आम्हांस दोन्ही दिसतात, म्हणूनच निवाडा अवघड जातो.

कायद्याकडे पाहावे तर तोही आपल्यासारखाच चाचपडताना दिसतो. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९८४ साली संगणकाच्या प्रणालींस साहित्यकृतींच्या पंक्तीत बसविण्यात आले. (कवींनी ह्याबद्दल हर्ष मानावा की खेद, हे आम्ही सांगू शकत नाही, पंक्तीत दक्षिणा मात्र सारखी मिळत नाही.) पुढे १९९४ च्या दुरुस्तीने, जाणूनबुजून चोरटी प्रत संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवसांचा कारावास सांगितला, त्याच कायद्यात, रीतसर प्रत बाळगणाऱ्याने नाश वा हानी ह्यांपासून रक्षण म्हणून एक नक्कल करून ठेवण्यास मोकळीकही आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकराच्या दृष्टीने 'माल' ठरविला. परंतु परवान्याचा कागद उघडावा, तर हा माल विकलेला नसून केवळ वापरावयास दिलेला आहे, असे त्यात बजावलेले असते. यंत्राबरोबर आलेला परवाना तर बहुधा त्या यंत्राशीच बांधलेला असतो. यंत्र मोडले की तोही संपतो. दुकानात मालक म्हणून पैसे मोजावेत आणि घरी येऊन कुळासारखे राहावे, अशी ही स्थिती आहे.

तेव्हा पाप नकलेत नाही, वचनभंगात आहे, असे म्हणावे काय? परंतु ते वचन तरी आम्ही कधी दिले? पडद्यावर लांबलचक करार आला, खाली 'मान्य' असे बटण होते, ते दाबले. एक ओळही वाचली नाही. न वाचता दिलेल्या संमतीस संमती म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही, आणि अटी एकतर्फी आहेत हेही खरे. एवढे बोलून आम्ही वाद जिंकला असे समजत होतो. त्यावर खजिनदार म्हणाले, "अटी अन्यायाच्या वाटल्या तर वस्तू घेऊ नये, किंवा उघडपणे मोडून परिणाम भोगावा. आपण तर गुपचूप मोडल्या. ह्याला सत्याग्रह म्हणत नाहीत." आम्ही निरुत्तर झालो. स्टॉलमन ह्यांचा दाखला देणारे आमच्यासारखे लोक हे सोयीस्करपणे विसरतात की, त्या गृहस्थाने दुसऱ्याची प्रणाली चोरून वाटली नाही; नवी रचावयास घेतली. करार न वाचल्याने वचन कच्चे राहिले असेल, परंतु दुसऱ्याच्या श्रमांचा लाभ आम्ही वर्षानुवर्षे पक्केपणाने घेतला होता.

आता पहिल्या कृतीकडे वळू. कारण जिला आम्ही निःशंकपणे पुण्य म्हणत होतो, तीही तितकी निर्मळ निघाली नाही. दोन संगणकांवरील फाइली जुळत्या ठेवण्याचे तंत्र मोठे मनोरंजक आहे. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस ह्यांनी १९९६ मध्ये पुढे आणलेली 'आरसिंक' ही प्रणाली फाइलीचे तुकडे पाडून प्रत्येकाची संक्षिप्त खूण काढते आणि खुणा जुळत नाहीत तेवढाच मजकूर धाडते. पण खरी अडचण निराळीच आहे. एक फाइल येथे आहे आणि तेथे नाही. तर ती येथे नव्याने लिहिली गेली, की तेथे पुसली गेली? केवळ दोन्हीकडे पाहून ह्याचे उत्तर मिळत नाही. मागच्या भेटीच्या वेळी काय स्थिती होती ह्याची आठवण ठेवावी लागते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेली 'युनिसन' प्रणाली अशी आठवण ठेवते. आणि दोन्हीकडे बदल झालेला आढळला, तर स्वतः निर्णय न घेता माणसास विचारते. संशय आला की थांबून विचारावे, एवढे यंत्रास शिकविता आले. 'मान्य' म्हणणाऱ्या आमच्या बोटास ते अजून शिकविता आलेले नाही.

आमची व्यवस्था मात्र इतकी सूज्ञ नव्हती. कार्यालयातील एका तरुण कार्यकर्त्याने अडगळ समजून एक कप्पा पुसला. रात्री दोन्ही संगणकांची जुळणी झाली आणि घरचा कप्पाही आज्ञाधारकपणे पुसला गेला. त्यात फाळणीपूर्वीच्या कराचीतील मराठी वस्तीविषयी एका वृद्ध सभासद बाईंनी सांगितलेल्या आठवणी होत्या. बाई त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या. दुसरी प्रत आहे ह्या विश्वासावर आम्ही इतके दिवस निर्धास्त होतो. पण ती दुसरी प्रत नव्हतीच, आरसा होता. रक्षणासाठी जी नक्कल करावयाची तिने मुळाचे सगळेच ऐकून चालत नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले असता नाथांनी शके १५०६ मध्ये त्या ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, तो प्रती एकमेकींहून भिन्न राहिल्या होत्या म्हणूनच. साऱ्या प्रती रोज रात्री एकमेकींशी जुळत असत्या, तर एका लेखकाची चूक सकाळपर्यंत सर्वांची झाली असती.

बाईंच्या मुलीस आम्ही पत्र लिहिले. आईचा आवाज कोठे तरी असेल असे तिला वाटत होते. तो आता नाही, हे लिहिताना कायद्याचे कोणतेही कलम मध्ये आले नाही. परवान्याच्या प्रकरणी आमच्यावर गुन्हा चालू शकला असता. ह्या प्रकरणी चालू शकत नाही.

घरच्या संगणकावर आता लिनक्स आहे. जुन्या फाँटातील मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांचे हाल झाले, ते हळूहळू निस्तरत आहोत. महिन्याकाठी एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरते आणि ती डिस्क कोणत्याही संगणकास न जोडता खजिनदारांच्या कपाटात राहते. मधल्या वर्षांच्या वापराचे पैसे द्यावेत, असा ठराव त्यांनी मांडला आणि तो मंजूरही झाला. वापरून टाकून दिलेल्या प्रणालीचे पैसे कोणत्या खिडकीवर भरावयाचे, हे विक्रेत्यासही सांगता आले नाही. ती रक्कम आज तिसऱ्या वर्षीही आमच्या ताळेबंदात 'देणे' ह्या सदराखाली आहे.