काकांचं कॅलेंडर

घाटमाथ्यावरच्या आमच्या कॉलेजात सगळा कारभार क्लाउडवर न्यायचं ठरलं, तेव्हा पहिला हात मी वर केला होता. जुना सर्व्हर उन्हाळ्यात तापून बंद पडायचा आणि नव्यासाठी दरवेळी संस्थेपुढे पदर पसरायचा. क्लाउडवर वापराल तेवढं भाडं. अ‍ॅमेझॉनची क्लाउड केंद्रंही 2016 पासून मुंबईतच आहेत, म्हणजे मुलांची माहिती देशाबाहेर जायची धास्ती नाही. हे सगळं मी बैठकीत पोटतिडकीने मांडलं.

लॅबचे काका चहा घेऊन आले होते. म्हणाले, "मॅडम, इंटरनेटची लाइन गेली की मी कॅलेंडरावर फुली मारतो. जुलैत 11 फुल्या आहेत."

"काका, आता फायबर आलंय," मी म्हणाले.

"धरण भरलं म्हणून घरातला रांजण कुणी फोडतं का?"

ठराव मंजूर झाला. काकांचं बोलणं इतिवृत्तात आलं नाही.

पुढच्या जुलैत अंतर्गत परीक्षेच्या दिवशी रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल तोडली. 35 मुलं पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसली. पहाटेच्या एसटीने आलेली एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, परत यावं लागलं तर आणखी एका दिवसाची मजुरी बुडेल." तिची नजर मला आजही टाळता येत नाही. भाडं, सुरक्षा, साठवण असा सगळा हिशेब मी केला होता. तिची एसटी त्यात नव्हती.

त्या संध्याकाळी मी काकांकडे कॅलेंडर मागायला गेले.

प्राचार्यांनी त्यावरच्या फुल्या स्वतः मोजल्या. क्लाउड ठेवला, कारण निकाल आणि प्रवेशाची कागदपत्रं तिथेच सुरक्षित होती. पण लॅबमधल्याच एका संगणकावर परीक्षा घेता येणारं मूडल हे सॉफ्टवेअर बसवलं, ते फुकट मिळतं. त्याला यूपीएस जोडला, शेजारी राउटर ठेवला. मुलं इंटरनेटशिवाय त्याच्याशी जोडली जातात, उत्तरं तिथेच जमतात आणि लाइन आली की आम्ही ती वर पाठवतो. यालाच एज कंप्युटिंग म्हणतात. देखभालीचं शिक्षण काकांना दिलं, तेही भरपगारी वेळेत.

यंदा परीक्षेच्या मध्यावर लाइन गेली. मान वर करून कुणी पाहिलंही नाही. त्या मुलीने पेपर संपवला आणि साडेतीनची एसटी गाठायला धावली.

काकांनी खिशातून पेन काढलं आणि त्या तारखेवर फुली मारली.