उजळ काच, खरी काच

मामांनी दारव्ह्याचा स्टुडिओ बंद केला आणि यशिका-मॅट १२४जी मला दिला. त्याला दोन भिंगं आहेत. वरच्यातून आपण बघतो, खालच्यातून फोटो निघतो. वरचं एफ/२.८, खालचं एफ/३.५. बघणारं भिंग जास्त उघडं, म्हणून फोकस जरा चुकला तरी वरच्या काचेवर आधी कळतं. नजर फिल्मपेक्षा कडक ठेवलेली.

ती घासलेली काच अंधूक वाटते म्हणून मी उजळ काच मागवणार होतो. पण फार उजळ काचेवर बऱ्याचदा धूसर भागही स्पष्ट भासतो. चूक झाकली जाते.

दिवाळीत वावरात फोनवर बाबांचा फोटो काढला होता. फोननं चेहरा उजळवला, सुरकुत्या पुसल्या. ग्रुपवर सगळे म्हणाले, मस्त! गुलाबी बोंडअळीनं अर्धा कापूस गेला होता, हे मला आईकडून नंतर कळलं. मी तर समोर उभा होतो.

दिसत नसेल तर काच बदलायची, की आपण जास्त वेळ बघायचं?

जुनीच काच ठेवली. संक्रांतीला बाबांसमोर कॅमेऱ्यात वाकून बराच वेळ उभा होतो.

"काढ नं लवकर," ते म्हणाले.

"थांबा बाबा, दिसू द्या."