कच्चे-पक्के कळावे कसे?

ज्याला कधी रागावलेला पाहिला नाही, त्याला आपण शांत म्हणतो. ज्याने परक्याच्या पैशाला हात लावला नाही, त्याला निर्लोभी म्हणतो. पण राग यावा असे ज्याच्या वाट्याला कधी आलेच नाही, त्याची शांती कशावरून खरी मानावी? ज्याच्या हाती परक्याची थैली कधी पडलीच नाही, त्याचा निर्लोभ वैराग्यातून आलेला, की संधी न मिळाल्यामुळे टिकलेला? हा प्रश्न दुसऱ्याला लावला तर ती निंदा होते. स्वतःला लावला तर तो साधनेचा प्रश्न होतो. आज त्याचा विचार जरा वेगळ्या दृष्टांतातून करू.

१२ जून २०२५ रोजी, देहू-आळंदीच्या प्रस्थानाला आठवडा उरला असताना, अहमदाबादेत प्रवासी विमान कोसळले. विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६० जीव गेले. त्यानंतर कित्येक दिवस इंजिनाचे इंधन सुरू आणि बंद करणाऱ्या यंत्रणेची चर्चा घरोघर चालली. त्या अपघाताचा निवाडा हे तपास करणाऱ्यांचे काम. आपण त्यात शिरू नये. मात्र त्या निमित्ताने विमानातल्या एका लहानशा भागाची माहिती करून घेण्यासारखी आहे. तो भाग म्हणजे इंधनाच्या नळीवरचा व्हॉल्व्ह.

प्रवासी विमानाचे इंधन मुख्यतः पंखांच्या पोकळीतल्या टाक्यांत असते. तेथून नळीवाटे ते इंजिनाकडे जाते. पंखाच्या आत लांबीभर एक मजबूत तुळई असते. तिच्यापाशी, टाकीतून बाहेर पडणाऱ्या नळीवर हा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. शेतातल्या पाइपलाइनला जसा कॉक, तसाच हा. फक्त तो हाताने नव्हे, विजेच्या छोट्या मोटरने फिरतो. विमान उडत असते तोवर तो उघडा. त्याचे खरे काम वेगळेच आहे. इंजिनाला आग लागली, तर वैमानिक एक मूठ ओढतो आणि या व्हॉल्व्हने मिटून इंधन तोडायचे असते. तो मिटला नाही तर आगीला इंधन मिळत राहील आणि आग पंखापर्यंत पोचेल. हजारो तास उघडे राहायचे आणि एखाद्या क्षणी न चुकता मिटायचे, असे हे व्रत आहे.

आता यातली गंमत पाहा. प्रवास संपल्यावर इंजिन बंद करतात, तेव्हाही हा व्हॉल्व्ह मिटतो, निदान मिटायला हवा. पण त्याच नळीवर पुढे, खुद्द इंजिनावर, इंधन तोडणारा दुसरा एक व्हॉल्व्ह असतो. पहिला अडकून उघडाच राहिला, तरी दुसरा मिटतो आणि इंजिन नेहमीसारखे थांबते. पहिल्यात बिघाड आहे हे वैमानिकाच्या लक्षात येईलच असे नाही. विमान पुन्हा उडते, पुन्हा उतरते. दोष मुक्काम करून राहतो, आणि बाहेरून सारे कुशल दिसते.

हे केवळ कल्पनेतले नाही. बोइंग कंपनीच्या काही जातींच्या विमानांत असे अडकलेले व्हॉल्व्ह सापडले, तेही दुसरेच काम करताना. इंधनाची गाळणी बदलायला घेतली, तेव्हा मिटलेला असायला हवा होता तो व्हॉल्व्ह मिटलेलाच नव्हता. त्यावर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये सक्तीचे आदेश काढले. हा व्हॉल्व्ह खरोखर मिटतो की नाही, हे ठरलेल्या मुदतीने पुन्हा पुन्हा पाहत जा, असा त्यांचा आशय. बोइंग ७३७ च्या वैमानिक कक्षात या व्हॉल्व्हसाठी एक निळा दिवा असतो. व्हॉल्व्ह फिरत असताना तो लख्ख पेटतो, मिटल्यावर मंद होतो, उघडा असला की विझतो. तपासणाऱ्याने समोर बसून ही अवस्था डोळ्यांनी पाहायची आणि मग वहीत सही करायची.

आग नाही, संकट नाही, विमान तळावर स्वस्थ उभे आहे, आणि तरी एक माणूस ती झडप मिटवून पाहतो, उघडून पाहतो. या साध्या कृतीत मोठा विचार आहे. आगीत उपयोगी पडणारी वस्तू आग नसतानाच पारखावी लागते. आग लागल्यावर होते ती परीक्षा नव्हे. तो निकाल असतो.

निकाल काय असतो, याचे एक उदाहरण सांगतो. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून सिडनीकडे निघालेल्या ए-३८० जातीच्या मोठ्या विमानाचे एक इंजिन हवेत फुटले. विमानात ४६९ माणसे होती. वैमानिकांनी विमान सिंगापूरला सुखरूप परत आणले. पण उतरल्यावर शेजारचे दुसरे इंजिन बंद होईना. फुटलेल्या इंजिनाच्या तुकड्यांनी तारा तुटल्या होत्या, त्यामुळे बंद करण्याचा हुकूम तिथवर पोचत नव्हता. पंखातून इंधन गळत होते, चाकांचे ब्रेक तापलेले होते. अग्निशामकांनी त्या इंजिनावर पाण्याचा आणि फेसाचा मारा केला, तेव्हा सुमारे तीन तासांनी ते थांबले. कोणाला इजा झाली नाही. तिथे दोष व्हॉल्व्हचा नव्हता, तुटलेल्या तारांचा होता. पण थांबवायचे आहे आणि थांबत नाही, ही अवस्था किती बिकट असते ते त्यावरून कळते.

वाचक माउली, ही अवस्था आपल्याला अनोळखी आहे काय? जिभेवर कठोर शब्द आला आहे, तो बोलू नये हे बुद्धीला कळते आहे, हुकूमही निघाला आहे, आणि शब्द बाहेर पडतो. वाटणीच्या वेळी सख्ख्या भावाचे बांधभर रान दिसते, आणि तीस वर्षे गळ्यात असलेली माळ आड येत नाही. त्या क्षणी आपण म्हणतो, मला काय झाले कळले नाही. झाले एवढेच, की झडप कधीचीच अडकली होती आणि ते आज समजले.

मग इतके दिवस का समजले नाही? दुसरी झडप काम करत होती म्हणून. घरात आपला राग वाढत नाही, कारण आई किंवा घरधनीण आधीच गप्प बसते. मिटते ती तिची झडप, आणि शांत म्हणून नाव होते आपले. वारीचेही तसेच. वाटेवर आपण किती गोड होतो! पाण्याच्या टँकरपाशी रांगेत थांबतो, तंबूत अंगाला अंग लागले तरी कुरकुरत नाही, अनोळखी माणसाच्या पाया पडतो. पण तिथे विणेकरी आहे, चोपदार आहे, दिंडीचा नेम आहे, सोबत टाळ-मृदंग आहे. संगतीची झडप आपल्या वतीने मिटत असते. संगतीचा हा उपकार लहान नाही; त्यासाठीच तर वारी आहे. पण त्या बळाला आपले बळ समजणे धोक्याचे. पंढरीहून परतल्यावर दहाव्या दिवशी, तालुक्याच्या कचेरीत किंवा बाजारात, आपण एकटे असताना काय होते, ते पाहायला हवे.

आपल्या परंपरेने हे ओळखले होते, असे मला वाटते. महिन्याच्या दोन्ही एकादशा आपण धरतो. एकादशीचे पुण्य सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात पारखही आहे. घरात धान्य आहे, चूल आहे, भूक आहे, मनाई करणारा कोणी नाही. आणि तरी पंधरा दिवसांनी एकदा आपण जिभेला सांगतो, आज थांब. ती थांबते का ते पाहतो. दुष्काळात उपाशी राहणे वेगळे आणि भरल्या घरात थांबणे वेगळे. जी जीभ एकादशीला अन्नाशी थांबायला शिकली, ती पुढे एखाद्या दिवशी शब्दाशीही थांबेल.

पण इथेही पळवाट आहेच. एकादशी अन् दुप्पट खाशी, असे लोक उगीच म्हणत नाहीत. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, वर राजगिऱ्याचे लाडू. पंचांगात एकादशी झाली, जीभ मात्र एकदाही थांबली नाही. झडप न पाहताच वहीत सही केल्यासारखे हे आहे. विमानाच्या कामात अशी सही सर्वांत घातक. तपासणीच केली नसेल तर निदान ती बाकी आहे हे पुढच्याला कळते. खोट्या सहीने तेही कळत नाही. माळ, टिळा, नेम, ही आपली सही आहे. तिच्यामागे पाहिलेले काहीतरी असावे.

येथे कोणी शंका घेईल : आम्ही नाम घेतले, सारा भार विठ्ठलावर टाकला. आता स्वतःला ठोकून पाहत बसणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास नव्हे काय?

याचे उत्तर विमानतळावरच आहे. आसनावर बसलेला प्रवासी विमान चालवीत नाही, व्हॉल्व्ह पाहत नाही. तो निश्चिंत डोळे मिटतो, आणि ते योग्यच आहे. खाली उभ्या असलेल्या तपासनिसाने मात्र देवावर भार टाकून व्हॉल्व्ह न पाहता सही केली, तर त्या कामचुकारपणाला कोणी भक्ती म्हणणार नाही. आपण दोन्ही आहोत. फळाच्या बाबतीत प्रवासी, कर्माच्या बाबतीत तपासनीस. पावसाचा भार विठ्ठलावर टाकावा. तिफणीचा फण तपासण्याचे काम त्याच्यावर ढकलू नये.

दुसरी शंका अधिक खोल आहे. पारखणारा तरी निर्दोष असतो का? नसतो. २० ऑगस्ट २००७ रोजी तैवानहून जपानच्या नाहा विमानतळावर उतरलेल्या विमानाच्या पंखाला आग लागली. पंखाच्या पुढच्या कडेतला एक बोल्ट निसटून इंधनाच्या टाकीत घुसला होता. तपासात आढळले, की काही आठवड्यांपूर्वी त्याच जागी, नट सैल होऊ नये म्हणून केलेल्या कामात, एक वॉशर गळून पडला होता. सुरक्षेसाठी लावलेल्या हातानेच दोष शिरला. १६५ माणसे वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. म्हणून विमानाच्या नाजूक कामात एकाने केलेले दुसऱ्याने पाहावे असा दंडक असतो. दोन इंजिनांचे विमान समुद्रावरून दूर जाणार असेल, तर एकाच माणसाने दोन्ही इंजिनांवर तेच काम एका वेळी करू नये, असाही नियम आहे. कारण त्याची चूक दोन्हीकडे सारखीच उतरेल. आपल्या डोळ्याला आपलाच डोळा दिसत नाही. परमार्थात संतसंग का सांगितला, त्याचे एक कारण हे असावे.

या ठिकाणी तेरचे गोरोबाकाका आठवल्याशिवाय कसे राहतील? संतमंडळी त्यांच्या घरी जमली होती. मुक्ताईने थापटणे पाहून विचारले, हे कशाला? काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते याने कळते. मग ही मडकी पाहा, असे मुक्ताईने म्हणताच काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत निघाले. सारे स्वस्थ बसले. नामदेवरायांना मात्र ते सोसले नाही, आणि काकांनी निवाडा दिला : हे मडके कच्चे.

कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे. पण नामदेवरायांचे कच्चेपण तोवर कोणालाच का कळले नव्हते? त्यांच्या हातचा नैवेद्य पांडुरंग खात असे, त्यांच्याशी बोलत असे. इतका मोठा आधार पाठीशी असल्यावर उणीव दिसणार कोणाला? देवाची सलगी हीच दुसरी झडप झाली होती. ती उणीव थापटण्याच्या एका ठोक्याने उघड झाली, आणि ठोका बसला तो भर संकटात नव्हे, सज्जनांच्या बैठकीत, जिथे सावरायला वेळ होता.

पुढे काय झाले, ते अधिक महत्त्वाचे. कच्चे ठरलेले मडके कोणी फेकून दिले नाही. नामदेवराय रुसून पांडुरंगाकडे गेले, तर त्यानेही समजूत काढून सोडले नाही. विसोबा खेचरांकडे पाठवले. अडकलेला व्हॉल्व्ह सापडला म्हणून विमान मोडीत काढत नाहीत. तो भाग बदलतात आणि विमान पुन्हा आकाशात जाते. पारख दोष धरण्यासाठी असली तरी तिचा शेवट दुरुस्तीत व्हावा. आपल्या घरात, फडात, दिंडीत कोणी कोणाचे उणे दाखवतो तेव्हा पुढचे विसोबांचे घरही दाखवतो का, हे प्रत्येकाने पाहावे. आणि आपल्याला कोणी टोकले तर राग गिळून एवढेच विचारावे : हा ठोका आज बसला हे बरे, की आग लागलेल्या दिवशी कळले असते ते बरे?

त्या दिवशी कच्चे ठरलेले नामदेवराय पुढे पंजाबपर्यंत नाम घेऊन गेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदे आहेत. आणि पंढरीच्या महाद्वारात आजही त्यांची पायरी आहे. येत्या वारीत तिच्यावर माथा टेकवाल, तेव्हा क्षणभर तिथे थांबा.

॥ रामकृष्ण हरी ॥