विश्वास येतो कुठून?

बिलियर्डच्या टेबलावर एक चेंडू दुसऱ्यावर आदळला की दुसरा पुढे घरंगळणार, याबद्दल आपल्याला तिळमात्र शंका नसते. ही खात्री येते कुठून, असं स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने विचारलं. नीट पाहिलं तर पहिल्या चेंडूची हालचाल, टक्कर आणि दुसऱ्याची हालचाल एवढंच दिसतं. दुसऱ्याला हलायला भाग पाडणारी ‘शक्ती’ कुठेच दिसत नाही. आजवर असंच घडलं म्हणून उद्याही घडेल, हे तर्काने सिद्ध करता येत नाही. कारण निसर्ग उद्याही कालसारखाच वागेल हे त्या तर्कातही आधीच गृहीत धरावं लागतं.

एडिंबरात १७११ साली जन्मलेल्या ह्यूमने फ्रान्समधल्या ला फ्लेश या गावी राहून ‘अ ट्रीटिज ऑफ ह्यूमन नेचर’ या ग्रंथाचा बराच भाग लिहिला. तिथल्याच जेझुइट विद्यालयात पूर्वी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त शिकला होता. सगळ्यावर शंका घेत देकार्तने बुद्धीच्या बळावर निःसंशय ज्ञान गाठू पाहिलं. ह्यूमने शंकेचा रोख बुद्धीवरच वळवला. ग्रंथ १७३९-४० मध्ये निघाला. विश्वासाचं मूळ तर्कात नसून सवयीत आहे, हा त्याचा गाभा.

हा निष्कर्ष त्याला स्वतःलाही सोसवेना. पहिल्या भागाच्या शेवटी तो आपली घोर निराशा मोकळेपणाने मांडतो. यातून तर्काने सुटका होत नाही. मित्रांबरोबरचं जेवण आणि बॅकगॅमनचा डाव त्याला सावरतात. माणसाचा स्वभाव शंकेला पुरून उरतो, हे त्याने असं स्वतःवर अनुभवलं.

नंतर १७४८ मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथात ही शंका संयत झाली आणि व्यवहाराला उपयोगी पडू लागली. सगळेच विश्वास सवयीतून येत असले, तरी सगळे सारख्या तोलाचे नसतात. पुरावा जेवढा, तेवढाच विश्वास ठेवावा. चमत्काराची साक्ष कुणी दिली, तर ती साक्ष खोटी असणं जास्त संभवनीय आहे की तो चमत्कार, हे तोलून पाहावं. १७५७ मध्ये त्याने धर्माचा उगम शोधला. रोगराई, दुष्काळ, मृत्यू आणि उद्याची अनिश्चिती यांतून उपजणारी भीती आणि आशा यांत त्याला तो सापडला.

या विचारांची किंमत त्याने मोजली. नास्तिकतेच्या आरोपांमुळे १७४५ मध्ये एडिंबरा विद्यापीठातलं प्राध्यापकपद हुकलं. १७७६ मध्ये तो मृत्युशय्येवर असताना लेखक बॉझवेलने त्याला परलोकाविषयी विचारलं, तेव्हाही मृत्यूनंतर काही उरत नाही या आपल्या मतावर तो शांतपणे ठाम राहिला.

ह्यूमने विश्वास मोडीत काढला, हे मला पटत नाही. विश्वासाशिवाय माणूस एक पाऊलही टाकू शकत नाही, हे त्याच्याइतकं स्पष्टपणे फार थोड्यांनी सांगितलं. माझी खात्रीही सवयीने आणि भीतीने घडलेली असेल, तर ती दुसऱ्यावर लादण्याचा मला हक्क नाही. आणि पुरावा समोर आला की ती बदलणं हे माझं कर्तव्य ठरतं. शंकेतून माणुसकीकडे जाणारी ही वाट आजही तितकीच गरजेची आहे.